केस कापण्यापूर्वीची दहा मिनिटे

गळ्याभोवती कापड बांधून झाले, केसांवर पाण्याचा फवारा मारून झाला, की कारागीर आरशातून पाहत विचारतो, "कसे कापायचे?" आणि आपल्यापैकी बहुतेक जण उत्तर देतात, "नेहमीसारखेच, जरा बारीक करा." आपल्याला कोणती केशरचना शोभेल हे विचारण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते, कारण ओल्या केसांचा मूळ वळसा दिसत नाही, बाकावर तीन गिऱ्हाइके खोळंबलेली असतात आणि कात्री हातात घेतलेल्या माणसाला पाहण्यापेक्षा कापण्याची घाई असते. सल्ला हे केस कापण्याहून वेगळे काम आहे. त्यासाठी वेगळी वेळ मागावी आणि केस कोरडे असताना मागावी, एवढे पाळले तरी पुरुषांच्या केसांविषयीच्या बऱ्याचशा तक्रारी उद्भवणारच नाहीत, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

मला हे कळले ते स्वतःच्या लग्नात. लग्नाच्या दोन दिवस आधी मी एका अनोळखी सलूनमध्ये गेलो, मोबाइलमधला फोटो दाखवला आणि चष्मा काढून डोळे मिटून बसलो. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस इतके आखूड झाले की फेटा होता तोवर काही जाणवले नाही, परंतु विधी आटोपून फेटा उतरवला तेव्हा भोवऱ्याभोवतीचे केस ताठ उभे होते, आणि स्वागतसमारंभाच्या प्रत्येक छायाचित्रात ते तसेच आहेत. कारागिराचा हात वाईट नव्हता. त्याने माझे डोके कोरडे असताना पाहिलेच नव्हते आणि मीही ते पाहण्याची विनंती केली नव्हती.

सल्ल्यासाठी जायचे तर रविवारची सकाळ टाळावी. शनिवारी व अमावास्येला केस न कापणाऱ्यांची गर्दी लगतच्या दिवशी उसळते, श्रावण संपल्यावर तर दाढ्या उतरवणाऱ्यांची रांग लागते. म्हणून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दुपारी बारा ते चारच्या सुमारास, आधी फोन करून जावे. केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, त्यांना तेल किंवा जेल लावलेले नसावे आणि मागच्या वेळी कापल्याला किमान पाच-सहा आठवडे झालेले असावेत. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तेवढी वाढ झाल्याखेरीज ते कोणत्या दिशेला झुकतात हे जाणकारालाही नीट सांगता येत नाही. रोजचा चष्मा लावून आणि कामावर जाताना घालता तसा शर्ट घालून जावे, कारण चष्म्याची काडी, कॉलर आणि कल्ले यांचा एकमेकांशी संबंध असतो.

कोणाकडे जावे, हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास विचारला जातो. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरची वातानुकूलित सलून एकीकडे, आणि पंचवटी, जुने नाशिक, सिडको किंवा नाशिकरोडच्या गल्लीतले, वडिलांपासून मुलाकडे आलेले दोन खुर्च्यांचे दुकान दुसरीकडे. मला पाटीवरून निवड करणे पटत नाही. आधी बाकावर बसून दोन गिऱ्हाइकांचे काम पाहावे. कारागीर कात्री उचलण्यापूर्वी केसांतून बोटे फिरवतो का, डोक्याची मागची बाजू पाहतो का, गिऱ्हाइकाला काही विचारतो का, की सर्वांना एकच साचा लावतो, हे दहा-पंधरा मिनिटांत कळते. जुन्या कारागिराने तुमचे डोके पंधरा वर्षे पाहिलेले असेल, तर त्याच्याइतकी माहिती कोणाहीजवळ नसते, मात्र त्याच्याकडून नवा विचार हवा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा तो प्रेमाने जुनाच घाट घालतो. मोठ्या सलूनमध्ये सल्ला देणारा आणि केस कापणारा एकच असणार आहे ना, हे आधी विचारावे. सल्ल्याच्या ओघात केराटिन, स्मूदनिंग किंवा स्पा अशा केस मऊ वा सरळ करण्याच्या उपचारांचा आग्रह झाला तर किंमत आणि त्यातील द्रव्ये विचारून घ्यावीत, कारण केस सरळ करण्याच्या काही उत्पादनांतून तापवताना फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. केशरचना ठरवण्यासाठी यांतले काहीही त्याच दिवशी करून घेण्याची आवश्यकता नसते.

चेहऱ्याच्या आकारावर पुष्कळ लिहिले जाते. गोल चेहऱ्याला कडेचे केस आखूड व वर थोडी उंची शोभते, लांबट चेहऱ्याला वरची उंची कमी आणि कडेला थोडी भर बरी दिसते, कपाळ रुंद असेल तर काही केस पुढे आणावेत, एवढे ढोबळ नियम पुरेत. खरा निर्णय होतो तो केसांची दाटी, त्यांचा राठपणा, कपाळावरची रेषा आणि भोवरा यांवरून. भोवऱ्यावर केस चक्राकार फिरतात; तेथे ते अर्धवट आखूड ठेवले की स्वतःच्या वजनाने बसत नाहीत आणि उभे राहतात. त्यांना एक तर पाच-सहा मिलिमीटर इतके बारीक ठेवावे, नाही तर बसण्याइतके, म्हणजे तीन बोटे तरी लांब राहू द्यावे. कोणाला दोन भोवरे असतात, कोणाच्या मानेवरचे केस खालून वर वाढतात, कोणाचा पुढचा कोपरा एका बाजूला उसळतो. चांगला सल्ला याच गोष्टींपासून सुरू होतो.

माझ्या भाच्याची अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत होती, तेव्हा मी त्याला सिडकोतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात नेले. कारागीर साठीच्या घरातले आहेत. त्यांनी कापड बांधलेच नाही. भाच्याचे केस नुसत्या कंगव्याने सरळ मागे घेतले, मग तळहात भोवऱ्यावर ठेवून हलकेच पुढे लोटला, आणि केस आपोआप डावीकडे दुभंगले. "दादा, भांग कुठून पाडतोस?" त्यांनी विचारले. "उजवीकडून, काका. लहानपणापासून." त्यावर ते म्हणाले, "म्हणून तर कोपरा उभा राहतो. तुझ्या केसांचा भांग इकडे आहे, तू तिकडे ओढतोस." त्यांनी भांग डावीकडे घेतला, कानांवर बोट टेकवून कडेचे केस किती उतरवायचे ते दाखवले, हेल्मेट घालतोस का, शिफ्टमध्ये टोपी असते का, सकाळी आरशासमोर किती वेळ उभा राहतोस, असे एकेक विचारले, आणि शेवटी म्हणाले, "आज वरून फक्त एक बोट कमी करतो. आठ दिवस नव्या भांगाने विंचर, मग ये, उरलेले तेव्हा ठरवू." भाच्याला वाटले होते तेवढा बदल त्या दिवशी झाला नाही, पण पुढच्या आठवड्यात तो आपणहून तिकडे गेला. टप्प्याटप्प्याने कापण्याची ही पद्धत मला सर्वांत सुरक्षित वाटते. कमी कापलेले पुन्हा कापता येते, जास्त कापलेल्यासाठी महिना-दोन महिने थांबावे लागते.

त्यांनी विचारले ते प्रश्न तुमच्या कारागिराने विचारले नाहीत, तरी उत्तरे तुम्ही आपणहून द्यावीत. रोज दुचाकीवर नाशिकरोडहून सातपूरला हेल्मेट घालून जाणाऱ्याने वर फुगवलेली रचना मागण्यात अर्थ नसतो. पोलीस किंवा सैन्यसेवेत असणाऱ्यांना नियमांची मर्यादा असते. घरी बोअरवेलचे जड पाणी असेल तर केस राठ होतात, तेही सांगावे. फेड, म्हणजे कडेचे केस खाली अगदी बारीक आणि वर हळूहळू लांब होत जाणारी रचना, आवडत असेल तर ती दोन-तीन आठवड्यांत विस्कटू लागते आणि पुन्हा करावी लागते, तर कात्रीने नीट कापलेले केस पाच-सहा आठवडे आकार धरतात. दर महिन्याला दोनदा सलूनमध्ये जाण्याचा वेळ आणि खर्च परवडणार आहे का, याचे प्रामाणिक उत्तर आधी द्यावे.

फोटो न्यावेत, पण ज्याचे केस आणि कपाळ आपल्यासारखे आहे अशा माणसाचे न्यावेत, आणि सोबत स्वतःचा असा एक फोटो असावा ज्यात केस आपल्याला आवडले होते. "असेच करा" असे म्हणण्याऐवजी "यातले माझ्या केसांना काय जमेल?" असे विचारावे. 'बारीक' आणि 'मीडियम' या शब्दांचा अर्थ प्रत्येक दुकानात निराळा असतो, म्हणून मापाने बोलावे. मशीनला लावायच्या कंगव्यांत साधारणपणे १ नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे ९ ते १० आणि ४ म्हणजे १२ ते १३ मिलिमीटर असतात. वरचे केस बोटांच्या रुंदीत सांगावेत, फेड कानाच्या वर लगेच संपवायची की कानशिलापर्यंत न्यायची ते बोट ठेवून दाखवावे, आणि दाढी असेल तर कल्ले दाढीत कुठे मिसळायचे हेही त्याच वेळी ठरवावे.

नाशिकमध्ये एका प्रसंगानंतर अनेक पुरुष अगदी नव्याने सुरुवात करतात, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आईवडिलांच्या निधनानंतर क्षौर करून रामकुंडावर विधी केले, की पुढचे सहा महिने केसांचे काय करावे हे कळत नाही आणि दुःखात तो विचारही नकोसा वाटतो. तरीही महिनाभराने एकदा आपल्या कारागिराकडे जावे. केस सर्वत्र सारख्या लांबीचे असताना भोवरा, कपाळाची रेषा आणि विरळ झालेले भाग जितके स्पष्ट दिसतात तितके एरवी कधीच दिसत नाहीत. त्या वेळी केवळ मान आणि कानांभोवतीची कड साफ करून घ्यावी. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, केस तीन सेंटिमीटरच्या आसपास आले की, कडेचे केस आखूड ठेवून वरचे वाढू द्यावेत, म्हणजे डोके चेंडूसारखे गोल दिसत नाही. सहाव्या महिन्यापर्यंत भांग पडण्याइतकी लांबी येते. मुंडनाने केस दाट उगवतात ही समजूत मात्र खरी नाही, कारण वस्तरा त्वचेखालच्या मुळापर्यंत पोहोचत नाही.

केस विरळ होत असतील तर कारागिराला खरे सांगायला लावावे. कडेचे केस लांब वाढवून टकलावर आडवे नेल्याने विरळपणा अधिक उठून दिसतो. कडा आखूड केल्या की वरचा भाग तुलनेने भरलेला वाटतो. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, परंतु एकाएकी गळती वाढली, नाण्याएवढी गोल चाई पडली किंवा खाज आणि खपल्या दिसू लागल्या, तर तो सलूनचा विषय उरत नाही. तेथे त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे आणि दुकानातले औषधी तेल किंवा कोणी सुचवलेले मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे औषध परस्पर सुरू करू नये.

लग्न ठरलेल्यांनी दोन महिने आधी सल्ला घ्यावा, महिनाभर आधी ठरलेली रचना एकदा करून पाहावी, शेवटचे केस सात ते दहा दिवस आधी कापावेत आणि आदल्या दिवशी फक्त मान व कल्ले साफ करावेत. फेटा तास-दोन तास डोक्यावर राहणार हे सांगायला विसरू नये. दाबले गेल्यावर बोटांनी पुन्हा उचलता येतील एवढेच केस वर ठेवलेले बरे.

खुर्चीत बसल्यावर वस्तऱ्यात नवे ब्लेड आपल्यासमोर घातले जाते का, हे पाहावे. चंपी आवडत असेल तर घ्यावी, मात्र मान झटक्याने मोडू देऊ नये, कारण मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. चष्मा असलेल्यांनी निम्मे काम झाल्यावर थांबायला सांगून तो लावावा आणि मागचा आरसा मागून घ्यावा. संकोच करू नये. कसबी कारागिराला या मागणीचा राग येत नाही.

सलूनमधून निघताना केस ड्रायरने बसवलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी मत बनवू नये. दुसऱ्या दिवशी घरी केस धुवावेत, रोजच्यासारखे पुसून वाळू द्यावेत आणि तीन दिवसांनी समोरून, दोन्ही बाजूंनी व मागून फोटो काढावेत. कडेला कोणता नंबर होता, वर किती बोटे ठेवली, भांग कुठे होता, हे त्या फोटोंसोबत मोबाइलमध्येच लिहून ठेवावे. पुढच्या वेळी कापड बांधण्याआधी ते कारागिराला दाखवून, "काका, मागच्या वेळी कडेला तीन नंबर होता, कानामागे केस उभे राहिले, तिथे काय करता येईल?" असे विचारावे.