पहिल्या परदेशी नियुक्तीवर निघालेल्यांसाठी

परराष्ट्र सेवेत नव्याने दाखल झालेल्यांशी बोलताना त्यांच्या प्रश्नांचा रोख बहुधा वाटाघाटी, शिखर परिषदा आणि राजनैतिक संरक्षण (यजमान देशाच्या कायदेशीर कारवाईपासून मिळणारी सूट) यांकडे असतो. पहिल्या नियुक्तीत यातले फारसे काही वाट्याला येत नाही. वाट्याला येतो तो एक अनोळखी देश, आणि तो समजून घेऊन आपल्या मंत्रालयाला खरेपणाने कळवण्याचे काम. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात प्रतिनिधित्व, हितरक्षण आणि वाटाघाटी यांच्या बरोबरीने यजमान देशातील परिस्थिती व घडामोडी सर्व कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन त्यांचा अहवाल पाठवणे हेही दूतावासाचे काम म्हणून नमूद आहे. नव्या अधिकाऱ्याने आपली शक्ती सर्वाधिक याच कामावर खर्च करावी असे माझे ठाम मत आहे, कारण बाकीच्या कामांची गुणवत्ता त्यावरच अवलंबून असते.

राजधानीतील राजनैतिक वर्तुळ लवकर आपलेसे वाटू लागते. राष्ट्रीय दिनांचे समारंभ, भोजने, भेटीगाठी यांतून ओळखी होतात आणि त्या पुढे उपयोगी पडतात, हे खरे आहे. परंतु या वर्तुळात एकाच अधिकाऱ्याने सांगितलेली बातमी एका दूतावासातून दुसऱ्या दूतावासात फिरत राहते आणि काही दिवसांनी तीन वेगवेगळ्या लोकांकडून आपल्या कानावर आली, की ती तिघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिलेली वाटू लागते. म्हणून ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याने कोठून मिळवली हे विचारण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी. अहवाल लिहितानाही मी स्वतः काय पाहिले, कोणी काय सांगितले आणि त्यावरून मी काय अनुमान काढतो, हे तीन भाग वाचणाऱ्याला वेगवेगळे दिसले पाहिजेत. मंत्रालयात तो अहवाल वाचणाऱ्याच्या टेबलावर आणखी अनेक अहवाल असतात. आपले अनुमान त्याने वस्तुस्थिती समजून पुढे पाठवले, तर ते नंतर मागे घेणे फार अवघड जाते.

देश समजून घ्यायचा तर त्याची भाषा वाचता आली पाहिजे, निदान वृत्तपत्र चाळण्याइतकी. मुखपृष्ठावरील बातम्यांचे भाषांतर दूतावासात मिळतेच. परंतु प्रांतिक वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे, पाणी-विजेच्या तक्रारी आणि अर्थसंकल्पावरील चर्चेत मागच्या बाकांवरचे सदस्य काय मागतात, यांचे भाषांतर सहसा कोणी करून देत नाही. राजधानीबाहेर जरूर जावे. काही देशांत त्यासाठी आधी परवानगी घ्यावी किंवा सूचना द्यावी लागते. ती न चुकता द्यावी. विरोधी पक्षाच्या लोकांना भेटणे हा कामाचाच भाग आहे, पण त्यांना सल्ला देणे नव्हे. १९६१ च्या कराराचे कलम ४१ हे यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करू नये असे बजावते, आणि कलम ९ नुसार यजमान देश कोणतेही कारण न देता एखाद्या अधिकाऱ्याला अस्वीकार्य ठरवू शकतो.

संधी मिळाली तर पहिली दोन-तीन वर्षे वाणिज्य दूत विभागात, म्हणजे परदेशातील आपल्या नागरिकांच्या अडचणी पाहणाऱ्या विभागात, काढावीत. अनेकांना ते दुय्यम काम वाटते; मला त्याच्याइतकी चांगली शाळा दुसरी ठाऊक नाही. वाणिज्य दूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार परदेशी व्यक्तीला अटक झाली, तर तिला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याचा हक्क आहे आणि तो हक्क तिला विनाविलंब सांगितला गेला पाहिजे. तुरुंगातील पहिल्या भेटीत समोरचा माणूस सुटकेचे आश्वासन मागतो, आणि ते देता येत नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. मग एकेक प्रश्न विचारावा: जबाब घेताना दुभाषी होता का, कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवला का, नेहमीची औषधे मिळतात का, घरी कळवायचे आहे का? शेवटच्या प्रश्नाला काही जण नाही म्हणतात, आणि त्या नकाराचा मान राखावा लागतो. अशा एका भेटीत त्या देशाची पोलीस व्यवस्था, न्यायालये आणि स्थलांतरितांचे जगणे यांविषयी जे कळते, ते मेजवान्यांच्या एका संपूर्ण हंगामात कळत नाही.

स्थानिक कर्मचाऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपण दर काही वर्षांनी बदलतो. ते कित्येकदा दोन-तीन दशके त्याच कचेरीत असतात, आणि कोणत्या खात्यात कोणाला फोन करायचा हे त्यांनाच ठाऊक असते. मात्र आपल्याला मिळणारे संरक्षण त्यांना मिळत नाही. १९६१ च्या कराराच्या कलम ३८ नुसार यजमान देशाचे नागरिक असलेल्या अशा कर्मचाऱ्यांना तो देश मान्य करील तेवढेच विशेषाधिकार असतात. संवेदनशील निरोप किंवा वादग्रस्त व्यक्तीची भेट त्यांच्यावर सोपवणे म्हणजे आपली जोखीम त्यांच्या अंगावर टाकणे होय, आणि ते करू नये. नियुक्ती संपल्यावर आपण निघून जातो; त्यांना मात्र त्याच शहरात राहायचे असते.

कुटुंबाच्या बाबतीत निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावेत. जोडीदाराला तेथे नोकरी करता येईल की नाही हे बहुतेक वेळा दोन देशांमधील करारावर अवलंबून असते, आणि अशी नोकरी केल्यास त्या कामापुरते दिवाणी व प्रशासकीय बाबींतील संरक्षण सहसा राहत नाही. हा प्रश्न पुढे ढकलल्यामुळे चांगले अधिकारी सेवा सोडून गेलेले मी पाहिले आहेत.

काही काळाने यजमान देशाविषयी आपुलकी निर्माण होते. ती हवीच, तिच्याशिवाय लोक मनमोकळे बोलत नाहीत. पण त्या सरकारच्या निर्णयाचे कारण समजावून सांगता सांगता आपण त्याचे समर्थन करू लागलो का, हे पाठवण्यापूर्वी अहवाल पुन्हा वाचून तपासावे. उलट दिशेचा दोषही तितकाच घातक आहे: प्रत्येक अडचणीत त्या देशाचा स्वभाव शोधणाऱ्या अधिकाऱ्याचे अहवाल चिडचिडीने भरतात आणि मंत्रालयात कोणी ते गांभीर्याने घेत नाही.

निघताना उत्तराधिकाऱ्यासाठी टिपण लिहावे, आणि ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. त्यात संपर्कांची यादी तर असावीच, पण कोणाला कोणता शब्द दिला आहे आणि कोणते पत्र अनुत्तरित आहे, याचीही नोंद असावी. तुरुंगात असलेल्या नागरिकांची नावे, त्यांच्या सुनावणीच्या पुढील तारखा आणि घरी कळवू नये असे ज्यांनी सांगितले आहे त्यांची स्पष्ट खूण पहिल्याच पानावर हवी, कारण नवा अधिकारी रुजू होताच पहिला दूरध्वनी बहुधा अशाच एखाद्या कुटुंबाकडून येतो.