वादळात अडकलेलं झाड खाली आणायचं म्हणजे नक्की काय करायचं

वडोदऱ्यात मे-जूनमध्ये एकदा तरी जोरदार वावाझोडं (वादळ) येतंच, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा तर सगळ्या गुजरातभर झाडं पडली होती. पूर्ण आडवं पडलेलं झाड म्हणजे फक्त मेहनत, कापा आणि उचला. पण जे पडता पडता शेजारच्या झाडात अडकून तिरकं राहिलंय ना, ते वेगळंच प्रकरण आहे, कारण ते अजून पडतंयच, मधे थांबलंय इतकंच, आणि परत कधी निघेल ते वाऱ्याच्या एका झोताच्या हातात. लोक काय करतात, त्याच्या खालून मोटरसायकल काढतात, खाली खाट टाकून बसतात.

आधी कुठलं काम आपलं नाही ते बघू. तार शिवत असेल, अगदी तार दिसत नसेल पण फांद्यांमधून जात असेल अशी शंका जरी आली, तरी लांब व्हायचं, निदान दहा मीटर, आणि वीज कंपनीला फोन करायचा (नंबर बिलावर असतो). ओलं लाकूड करंट नेतं, काटेरी तारेचं कुंपण नेतं, जमीनसुद्धा नेते, त्यामुळे "लाकडाने ढकलून बघतो" वगैरे बिलकुल नाही, आणि लाईट गेलेत म्हणजे तार मेलीये असंही समजायचं नाही. रस्त्यावरचं झाड असेल तर सेवासदन (म्हणजे महानगरपालिका) नाहीतर फायरब्रिगेड, १०१. सोसायटीतला आसोपालव (उंच सरळ अशोक) शेजारच्या लिमड्यात (कडुनिंबात) अडकून खाली गाड्या, बाजूला कुणाची गॅलरी, असं असेल तर क्रेनवाला आणि अनुभवी माणूस बोलवा, पैसे जातील तर जाऊ देत. खोड एका माणसाच्या कवेत मावत नसेल तरी हेच.

म्हणजे उरलं काय? शेतावरचं, मोकळ्या जागेतलं, मध्यम झाड. पादरा, सावली, वाघोडिया या बाजूला ज्यांची शेतं आहेत त्यांच्याकडे शेढ्यावर (बांधावर) निलगिरीची रांग असतेच, काळी माती पावसाने मऊ झाली की मुळांची पकड सुटते आणि एखादी निलगिरी सरळ जाऊन आंब्यात बसते. पुढचं सगळं हे डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. वजनाचा अंदाज असू द्या: बुंध्याशी फूटभर जाड आणि पंधरा मीटर उंच ओली निलगिरी, तिचं नुसतं खोडच अर्ध्या टनाच्या आसपास जातं, फांद्या वेगळ्या. साग, चंदन, खैर असं काही असेल तर पडलेलं असलं तरी कापण्याआधी तलाठ्याला नाहीतर वनखात्याला विचारून घ्या, नंतर डोकेदुखी नको.

वारा पूर्ण थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. सकाळची वेळ बरी. झाड असंच ठेवून रात्री घरी जायचं असेल तर चारी बाजूंनी लांबून दोरीचा अडसर बांधा, लाल फडकं लावा, आणि आजूबाजूच्या भरवाडांना (गुराख्यांना) तोंडी सांगा, कारण दुपारी ढोरं घेऊन ते झाडाच्या सावलीलाच येणार.

मग लांबून नीट बघायचं, फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून. शेंडा नक्की कशात अडकलाय, बेचक्यात रुतलाय का नुसता फांदीवर टेकलाय? वर तुटून लोंबणाऱ्या फांद्या किती? बुंधा कुठेय, मुळांसकट उपटलाय का मधेच मोडून चिपाट्यांवर लटकतोय? खोड कुठे वाकून ताणलंय का? यातच अर्धा तास गेला तरी चालेल. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तुमच्या माणसांशिवाय कुणी नको, पोरं तर नकोतच, ती बघायला येतातच.

आता जे करायचं नाही ते, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याकडे नेमकं हेच केलं जातं. अडकलेल्या झाडावर चढायचं नाही. ज्या झाडाने त्याला धरलंय ते झाड कापायचं नाही, कारण मग दोन झाडं एकदम येतात आणि तुम्ही दोघांच्या खाली असता. ज्या फांदीने धरलंय ती फांदी खालून कापायची नाही, कारण तेच. दुसरं झाड त्याच्यावर पाडून "धक्का" द्यायचा नाही. आणि सगळ्यात लाडकी पद्धत, बुंध्याकडून दोन-दोन फुटांचे तुकडे कापत जायचं. कापणारे मजूर सर्रास करतात, आणि चार वेळा जमतंसुद्धा, म्हणून विश्वास बसतो. होतं काय की प्रत्येक तुकड्यागणिक खोड जास्त जास्त उभं होत जातं, तिरकं असेपर्यंत निदान कुठल्या बाजूला जाईल ते कळत होतं, उभं झालं की ते कुठेही जाऊ शकतं, तुमच्या अंगावरसुद्धा, आणि दर वेळी अर्ध्या टनाचं खोड तुमच्या पायाजवळ दाणकन आपटतं. वरून चेनसॉ (यंत्राची करवत) कापात चिमटून बसला की माणूस तो ओढायला खाली वाकतो. नाहीच करायचं.

करायचं काय तर बुंधा मागे ओढायचा, लांबून. शेंडा ज्या दिशेने पुढे गेलाय त्याच्या बरोबर उलट दिशेला, खोडाच्या सरळ रेषेत. बुंधा मागे सरकला की शेंडा आपोआप घसरत खाली येतो. सगळं तंत्र एवढंच आहे, बाकी सगळी तयारी.

झाड अगदी बारीक असेल, मनगटापेक्षा थोडं जाड ते मांडीएवढं, तर ओढण्याआधी फिरवून बघा. बुंध्याला जाड पट्टा दोन-तीन वेढे मारायचा, त्याच्या टोकाच्या फासात मजबूत वासा घालायचा आणि खोड लोळवायचं, पुष्कळदा फांदी सुटते आणि झाड येतं. फक्त ते लोळलं पाहिजे तुमच्यापासून लांब, अंगावर नाही, आणि मागे पळायची वाट आधीच साफ केलेली हवी.

त्याहून मोठ्याला हाताने चालवायचा वायर विंच, दुकानात टिरफॉर म्हणतात, भाड्याने मिळाला तर बघा. ट्रॅक्टरपेक्षा मला हाच आवडतो, हळू चालतो, थांबवता येतो, झाड कसं वागतंय ते दिसतं. तो एखाद्या जिवंत दणकट झाडाच्या बुडाला बांधायचा, झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब. बुंध्याला साखळीचा नाहीतर स्लिंगचा (वजन उचलायच्या जाड पट्ट्याचा) आवळणारा फास. जोर कमी पडला तर बुंध्यावर कप्पी लावून वायर परत फिरवा, ओढ जवळपास दुप्पट होते. पण वायरची दिशा बदलायला एखाद्या झाडाला कप्पी लावली तर ओढ वाढत नाही, उलट त्या झाडावर वायरच्या ताणाहून जास्त भार येतो, काटकोनात वळवलं तर साधारण दीडपट, म्हणून ते झाड पण बघून निवडायचं.

ट्रॅक्टरच वापरणार असाल तर वायर खालच्या ड्रॉबारलाच (मागे खाली असते ती ओढायची दांडी). वर, टॉप लिंकला वगैरे बांधली आणि झाड अडलं तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो, ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आणि झटके द्यायचे नाहीत, पहिल्या गियरमध्ये हळू. नायलॉनची दोरी नको, ती रबरासारखी ताणते आणि तुटली की फटका मारते. स्टीलची वायर, तार-तार सुटलेली नसलेली, आणि मधोमध वायरवर मातीने अर्धं भरलेलं पोतं टाका, तुटली तर उडायची कमी. ताणलेली वायर कुणी ओलांडायची नाही, कप्पीच्या आतल्या कोनात तर उभंच राहायचं नाही.

काळ्या मातीत बुंधा नांगरासारखा रुततो आणि लोक जोर वाढवत बसतात. त्यापेक्षा ओढायच्या आधीच समोर दोन फळ्या किंवा बांबू आडवे टाकून घ्या, बुंधा त्यावर चढला की सरकतो. बांधाबांधी करताना खोडाच्या बाजूने जायचं, खालून नाही, आणि काम झालं की सगळे लांब. खुणा एकच माणूस करणार, बाकी सगळे ओरडणार नाहीत (हे सगळ्यात अवघड आहे).

मुळांसकट उपटलेलं असेल तर आणखी एक भानगड. मुळांचा गड्डा मातीसकट उभा असतो आणि खोड कापलं की तो परत खड्ड्यात बसू शकतो, धाडकन. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कुणी नसलं पाहिजे. आधी तसंच ओढून बघा, नाही आलं तरच कापायचं, गड्डा मागच्या झाडाला बांधून, आणि खोडाचा चार-पाच फूट भाग गड्ड्याला ठेवून. दोन्हीकडे टेकलेलं खोड मधे झोळ खातं, म्हणजे वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते, म्हणून आधी वरून एक तृतीयांश आणि मग खालून, बाजूला उभं राहून. हे वाचून जमेल असं वाटत असेल तर थांबा, हा काप ज्याने आधी केलाय त्यालाच करू द्या. एकट्याने तर काहीच करायचं नाही, चेनसॉ असेल तिथे दुसरा माणूस, चार्ज केलेला फोन, आणि १०८ ला शेताचा रस्ता कसा सांगायचा ते आधी ठरवून.

दोन-तीनदा ओढूनही आलं नाही तर दिशा थोडी बदलून बघा, खोड किंचित लोळलं तरी सुटतं. तरीही नाही तर सोडून द्या, दोरी बांधा, क्रेन आणा.

खाली आलं की लगेच धावायचं नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, वर अडकलेल्या तुटक्या फांद्या उशिरा पडतात. मग छाटणी शेंड्याकडून नको, बुंध्याकडून सुरू करा, आणि ज्या फांद्यांवर खोड टेकलंय त्या शेवटी, नाहीतर खोड पायावर लोळतं. चेनसॉच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागू द्यायचा नाही, तिथूनच तो तोंडाकडे उसळतो.

आंब्याकडेही बघा. चिरलेली फांदी लोंबत असेल तर ती पण उतरवायचीच, बुडाची माती एका बाजूला फुगलेली दिसली तर आंबा पण हललाय, त्याच्या खाली पुढचे काही आठवडे बसायचं नाही, आणि एक-दोन चांगले पाऊस झाले की परत एकदा चक्कर मारून फुगवटा वाढलाय का ते बघायचं.