कपाटातली न वाचलेली पुस्तकं एकदाची वाचायची कशी

दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे तेच होतं, पुस्तकं खाली काढायची, फडक्याने पुसायची, त्यातलं एखादं उघडून स्टुलावर बसल्याबसल्या चार पानं वाचायची आणि आईने आतून हाक मारली की परत होतं तसं लावून टाकायचं. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा मोजली. न वाचलेली ४७ निघाली. एका कादंबरीत तर पान ३१ वर २०१४ चं प्रदर्शनातलं बिल खुणेला घातलेलं होतं, म्हणजे मी इतकी वर्षं पान ३१ वरच उभी. त्या ४७ मधली १९ आता झालीत, कशी ते सांगते.

आधी सगळी पुस्तकं जमिनीवर आणा. कपाटाशी उभं राहून निवडायला जाऊ नका, कारण आपल्याकडे एका फळीवर दोन रांगा असतात आणि मागच्या रांगेत काय आहे ते आपणच विसरलेलो असतो (मला एकाच पुस्तकाच्या दोन प्रती सापडल्या, दोन्ही कोऱ्या). हाताशी रंगाचा जुना, स्वच्छ ब्रश ठेवा. प्रत्येक पुस्तक उघडून बांधणीच्या खाचेत ब्रश फिरवा, कारण कसर तिथेच बसते, ती चंदेरी, सुळकन पळणारी, तिला बायंडिंगची खळ आवडते. वास येत असेल तर सावलीत वाऱ्यावर ठेवा, कडक उन्हात नको, पानं कडकडीत होतात. आणि परत लावताना भिंतीला चिकटवून लावू नका, पावसाळ्यात बुरशी मागून सुरू होते.

मग ढीग करा. परत करायची पुस्तकं पहिली बाजूला, ज्यांची आहेत त्यांना आजच मेसेज टाका. सत्कारात मिळालेली, कुठल्यातरी परीक्षेची गाईडं, "तू हे वाचायलाच पाहिजेस" म्हणून कोणीतरी हातात कोंबलेली, ती सरळ काढा. रद्दीत द्यायला जीव होत नसेल तर जवळच्या वाचनालयात विचारा, पण आधी विचारा हं, फाटकी पुस्तकं त्यांनाही नको असतात. माझी इथेच १४ पुस्तकं कमी झाली. ती वाचून झालेल्या १९ मध्ये धरलेली नाहीत, एवढी प्रामाणिक आहे मी.

आता खरी गोष्ट. जाड पुस्तक बघून आपली छाती दडपते कारण आपण ते अख्खं बघतो. छापणारे तसं बघत नाहीत, त्यांचा हिशोब फॉर्मचा असतो, साधारण १६ पानांचा एक फॉर्म. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक वरून बघितलंत तर कण्याशी छोट्या छोट्या घड्या दिसतात, तोच एकेक फॉर्म, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये उघडलं की दोरा दिसतो. मी दिवसाला एक फॉर्म वाचते, मला अर्धा-पाऊण तास लागतो. ३२० पानांचं पुस्तक म्हणजे २० फॉर्म, वीस दिवस, संपलं. धडा संपेपर्यंत वाचू असं ठरवलं तर काही लेखक साठ साठ पानांचे धडे लिहितात, फॉर्मचं तसं नाही, वाक्य अर्धवट असलं तरी मी तिथेच थांबते, आणि गंमत म्हणजे त्या अर्धवट वाक्यामुळेच दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घेतलं जातं.

पहिल्या पानापासूनच सुरू केलं पाहिजे असंही नाही. प्रस्तावना तर शेवटी वाचा, आपले प्रस्तावनाकार सगळी गोष्ट सांगून टाकतात. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' माझ्याकडे कित्येक वर्षं पडून होतं, मग लक्षात आलं की त्यात महिन्यागणिक एक लेख आहे, चैत्र ते फाल्गुन, तर मी ते श्रावणात श्रावणापासून सुरू केलं आणि ज्या त्या महिन्यात तो तो लेख वाचला. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' पण असंच, त्यात कुंतीवर, द्रौपदीवर वेगवेगळे लेख आहेत, ज्या माणसाबद्दल उत्सुकता असेल तिथून शिरा.

दोन फॉर्म वाचूनही कंटाळा येत असेल तर सोडा. फक्त बोलीभाषेतल्या पुस्तकांना सवलत द्या. अहिराणी असो की मालवणी, कानाला सवय नसेल तर पहिला फॉर्म जड जाणारच, तेव्हा मनात वाचू नका, दार लावून मोठ्याने वाचा, भाषा आपोआप उलगडते.

जागेचं म्हणाल तर लोकलमध्ये पातळ पुस्तकं, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकून एका हातात ठोकळा पेलत नाही. जाड पुस्तक घरी, जिथे मोबाईल चार्जिंगला लावता त्याच्या शेजारी. नवीन पुस्तक घ्यायचं नाही असा नियमही केला होता, तो पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मोडला, त्यावर जास्त बोलत नाही.

ते पान ३१ वालं पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं, दोन फॉर्म वाचले आणि कळलं की २०१४ मध्ये का थांबले होते. देऊन टाकलं. बिल मात्र ठेवलंय, सध्या ते नेमाड्यांच्या 'हिंदू'मध्ये आहे, अकराव्या फॉर्मवर.