अमेरिकन साम्राज्यवादाचं प्रकरण कसं वाचायचं (एमए, नेट आणि सेटवाल्यांसाठी)

अमेरिकेचा इतिहास हा पेपर घेतलेल्या ज्युनियर्सचे मेसेज येत असतात, साम्राज्यवाद कसा करू म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. मी हा पेपर मराठी माध्यमातून दिलाय आणि नंतर नेटसाठी परत तेच वाचलंय.

बाजारातल्या नोट्समधे गोष्ट ठरलेली असते. फेब्रुवारी १८९८ मधे स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात, हवानाच्या बंदरात अमेरिकेचं मेन हे लढाऊ जहाज फुटलं, पेपरवाल्यांनी रान पेटवलं, स्पेनशी युद्ध, चार महिन्यांच्या आत खेळ खल्लास, पॅरिसचा तह, पुढचा टॉपिक. पास व्हायला पुरतं हे. पण १५ मार्कांचा प्रश्न आला की दुसऱ्या पानावर लिहायला काही उरत नाही.

त्यापेक्षा चार ठिकाणं धरा, हवाई, क्युबा, पोर्टो रिको आणि फिलिपाईन्स, आणि एकच प्रश्न विचारत बसा की १८९८ मधे अमेरिकेच्या हातात आलेल्या या चौघांचं पुढे इतकं वेगवेगळं का झालं.

हवाईचा स्पेनशी काही संबंधच नव्हता, तिथे सगळी साखर आहे. १८७५ च्या करारामुळे तिथली साखर अमेरिकेत बिनड्युटी जायला लागली आणि गोरे मळेवाले गब्बर झाले, मग १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफने (आयातकराचा कायदा) सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची ड्युटी काढली आणि वर अमेरिकेतल्या उत्पादकांना अनुदान दिलं, म्हणजे हवाईवाल्यांची सवलत गेली आणि अमेरिकेतच सामील झालो तर अनुदान आपल्यालाही, हे गणित सुरू झालं. (ऊस आणि सत्ता यांचं नातं आपल्याकडच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.) जानेवारी १८९३ मधे राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं तेव्हा अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरलेले होते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने विलीनीकरण अडवलं, पण १८९८ च्या युद्धाच्या गडबडीत ते झालंच, तेही तहाने नाही तर साध्या ठरावाने, कारण तहाला सिनेटमधे दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी जमत नव्हती.

क्युबासाठी दोनच कागद वाचा. अमेरिकन काँग्रेसची १८९८ ची टेलर दुरुस्ती म्हणते क्युबा आम्ही घेणार नाही, आणि १९०१ ची प्लॅट दुरुस्ती म्हणते ठीक आहे, घेत नाही, पण वाटेल तेव्हा हस्तक्षेप करू आणि आरमारी तळाला जागाही द्या. ग्वांतानामो तिथूनच आलं. दोन्ही अगदी छोटे आहेत, प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा. आणि टेलरचं वचन फक्त क्युबापुरतं होतं हे अधोरेखित करा, बाकीच्या बेटांबद्दल त्यात काहीच नाही.

पोर्टो रिकोत मजा आहे. तिथून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर ड्युटी लागेल का, असा खटला १९०१ मधे सुप्रीम कोर्टात गेला आणि ५ विरुद्ध ४ ने निकाल लागला की लागेल, कारण बेट अमेरिकेचं आहे पण करापुरतं अमेरिकेत नाही. १९१७ मधे नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत आजही नाही.

सगळ्यात जास्त वेळ फिलिपाईन्सला द्या, नोट्समधे याला जेमतेम दोन ओळी असतात. फिलिपिनो स्वातंत्र्यलढ्याचा नेता अगिनाल्दोने जून १८९८ मधेच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पॅरिसला मात्र फिलिपिनो माणसाला बसूच दिलं नाही आणि २ कोटी डॉलर स्पेनला देऊन बेटं घेतली. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलात गोळीबार सुरू झाला, ६ तारखेला सिनेटने ५७ विरुद्ध २७ ने तह मंजूर केला, म्हणजे लागणाऱ्या मतांपेक्षा फक्त एक जास्त! युद्ध संपल्याचं १९०२ मधे जाहीर केलं, तोवर ४ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक आणि साधारण २० हजार फिलिपिनो लढवय्ये मेले होते, आणि साथी आणि उपासमार धरून सामान्य लोकांचा आकडा २ लाखांच्या घरात सांगतात. याला नुसतं 'बंड' लिहू नका, युद्ध लिहा.

विरोधकही बघा. १८९६ मधे मुंबईत व्याख्यानं देऊन गेलेला मार्क ट्वेन पुढे साम्राज्यवादविरोधी लीगचा एक उपाध्यक्ष झाला, आणि उलट बाजूने, बेटं घ्याच म्हणत गोऱ्यांच्या ओझ्याची ('व्हाइट मॅन्स बर्डन') कविता अमेरिकेला उद्देशून १८९९ मधे लिहिणारा किपलिंग तर जन्मानेच मुंबईकर. पण सगळे विरोधक काही फिलिपिनोंचे कैवारी नव्हते, काहींना फक्त सावळी माणसं आपल्या देशात नको होती. हा मुद्दा उत्तरात आला की तपासणारा थांबून वाचतो.

न्यूयॉर्कचा पेपरमालक हर्स्टने क्युबात पाठवलेल्या आपल्या चित्रकाराला 'तू चित्रं दे, मी युद्ध देतो' अशी तार केली हे ठोकून देऊ नका, ती तार कुणाला सापडलेली नाही. मेनचंही तसंच, १९७६ च्या अमेरिकन आरमाराच्या अभ्यासात स्फोट बहुधा आतूनच, कोळशाच्या आगीने झाला असं निघालं.

मूळ कागद येल विद्यापीठाच्या अॅव्हलॉन प्रोजेक्टवर फुकट आहेत, त्यावेळचे पेपर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर. भाषा जड आहे, मराठी माध्यमवाल्यांनी एकेक वाक्य फोडून समासात मराठीत लिहावं, स्पीड आपोआप येतो. पनामा कालवा आणि १९०४ चं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं धोरण (लॅटिन अमेरिकेत गरज वाटली तर आम्ही हस्तक्षेप करू) शेवटी घ्या, प्लॅटमधलं हस्तक्षेपाचं कलम डोक्यात असलं तर ते एका बैठकीत होतं.