कोकणातील घरात वारंवार येणारी ओल आणि बुरशी कशी आवरावी

पावसाळ्यात भिंतीवर बुरशी धरली की दिवाळीपूर्वी तिच्यावर रंग दिला जातो आणि पुढच्या आषाढात पोपडे सुटून तोच डाग पुन्हा वर येतो. रंगाने डाग झाकला जातो, पाणी थांबत नाही. म्हणून आधी पाणी कोठून येते हे ठरवावे, तेही भर पावसातच, कारण उन्हाळ्यात खुणा वाळून जातात.

जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल असून पांढरा लोणा (भिंतीवर येणारा क्षारांचा थर) फुटत असेल, तर पाणी बहुधा जोत्यातून वर चढत आहे. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीभोवती डाग असेल, तर पावसाचा मारा आत शिरतो आहे. न्हाणीघरामागची भिंत उन्हाळ्यातही ओली राहिली, तर नळजोडणी तपासावी. कपाटामागचे काळे ठिपके मात्र बहुतेकदा हवेतील बाष्पाचे असतात. संशय राहिल्यास भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करावा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे: खोलीकडील बाजूवर थेंब असतील तर दोष हवेतील दमटपणाचा, भिंतीकडील बाजूवर असतील तर पाझराचा.

जांभ्याच्या जुन्या घरांबाबत विशेष काळजी घ्यावी. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषतो, आणि चुन्याचा गिलावा ते पुन्हा बाहेर सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा केला की आत गेलेले पाणी कोंडून राहते आणि ओल आणखी वर चढते. तेथे चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग योग्य, असे माझे ठाम मत आहे. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे, जोत्याला टेकलेली माती काढावी, पावसाच्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापे बांधावीत. ही जुनी रीत आजही उत्तम काम देते. स्लॅबच्या घरात गच्चीचा उतार आणि कठड्याचा सांधा आधी पाहावा. गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील, तर अभियंत्यालाच बोलवावे.

बुरशी काढताना एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. कोरड्या झाडूने बीजाणू घरभर पसरतात. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये. ब्लीच फरशी-टाइल्सपुरतेच वापरावे आणि ते संडास साफ करण्याच्या आम्लात, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. भुसभुशीत झालेला गिलावा खरवडूनच काढावा लागतो.

यानंतर खोलीतील आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या आत ठेवावी. स्वस्त आर्द्रतामापकावर ती कळते. धो धो पावसात खिडक्या उघडून हवा कोरडी होत नाही, त्यामुळे स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा आणि एसी असल्यास तो ‘ड्राय’ मोडवर चालवावा. कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात उपयोगी पडतात, खोलीला त्या पुरत नाहीत. त्यांत साठणारे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.