ख्रिस्ती मंडळीत तक्रार आली की या चुका टाळा

पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, नव्याने निवडून आलेला माणूस पहिल्याच तक्रारीला बायबलमधला मत्तय १८ काढतो. 'भावाला एकांतात सांगायचं असतं, तुम्ही सभेत का विचारलंत?' वचन बरोबर, पण लावलं भलत्या ठिकाणी. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं.

मत्तय १८:१५-१७ मधला मार्ग (आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे) एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधासाठी आहे. सामायिक कामाच्या तक्रारीसाठी प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं आणि कुरकुर सुरू झाली होती. प्रेषितांनी कुरकुर कोण करतंय ते शोधलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम गेलं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नाताळच्या वर्गणीचं महाभारत पाहा. कोणीतरी विचारतं, 'मंडप आणि जेवण मिळून किती झाले?' खजिनदार दुखावतो: 'माझ्यावर संशय?' वडीलमंडळी विचारणाऱ्यालाच समेट करायला पाठवतात. तो बिचारा माफी मागतो, हिशेब मात्र येत नाही. ईस्टरपर्यंत मंडळीत दोन तट पडतात आणि वार्षिक सभेत कळतं की पैसे सगळे जागेवर होते, मंडपवाल्याची पावती तेवढी घ्यायची राहिली होती.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून तो कोणी करत नाही. कार्यक्रमानंतरच्या दुसऱ्या रविवारी जमा, खर्च, शिल्लक हे तीन आकडे नोटीस बोर्डावर लावा. बिलांची फाइल खजिनदाराच्या घरी नको, व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या खोलीत, ठेवा. दान दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, आणि ते दोघे एका घरातले नकोत. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब ठेवून तपासून घ्यावेच लागतात. विचारणारा उपकार मागत नसतो.

अपराध खरोखर वैयक्तिक असेल तर मत्तय १८ जरूर वापरा, पण पायऱ्या गाळू नका. पहिल्या भेटीला एकट्याने जा, बायकोलाही आधी सांगू नका. एकच प्रसंग बोला, मागची दहा वर्षं उकरू नका. दुसऱ्या भेटीला नेलेला माणूस साक्षीदार असतो, तुमचा वकील नव्हे. समोरच्याचाही ज्याच्यावर भरवसा आहे असाच माणूस निवडा, मेहुणा नको. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट कानावर आली तर यातली एकही पायरी लागू नाही. थेट पोलिसांत जा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ते न कळवणं हाच गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी होईल' हे कारण तिथे चालत नाही, आणि चालूही नये.

दुसरी चूक पाळकांची: टीकेला पुलपिटवरून, म्हणजे संदेश देतात त्या व्यासपीठावरून, उत्तर देणं. बुधवारी कोणी भजनाच्या वेळेवर बोललं की रविवारी मोशेविरुद्ध कुरकुरणाऱ्या इस्राएलावर संदेश होतो. कोणाबद्दल चाललंय ते पाच जणांना कळतं, बाकीचे घरी जाताना अंदाज बांधतात, आणि ज्याच्यावर रोख आहे त्याला मध्येच उठून बोलता येत नाही. पौलाने अंत्युखिया शहरात पेत्राला सर्वांसमक्ष सुनावलं खरं (गलती २), पण पेत्राची चूक सर्वांसमक्ष घडली होती आणि तो समोर होता. सेमिनरीतून (पाळकांच्या प्रशिक्षणाच्या शाळेतून) ताजे आलेले तरुण पाळक हा दाखला फार लवकर देतात. संदेश लिहून झाल्यावर एकदा स्वतःला विचारा: तो अमुक माणूस या रविवारी आला नाही, तर यातला कुठला परिच्छेद गाळाल? तो आजच गाळा.

चर्चच्या दारात हस्तांदोलन करता करता तक्रार ऐकू नका. 'गुरुवारी सातला घरी येतो' म्हणा, आणि खरंच जा. तिथे आधी त्यांची तक्रार तुमच्या शब्दांत परत सांगा. 'हो, हेच' असं ऐकू येईपर्यंत उत्तर देऊ नका. 'ऐकायला तत्पर, बोलायला धीमा' हे याकोब १:१९ पाठ असणं वेगळं, करणं वेगळं.

'प्रभू, आमच्यातल्या गर्विष्ठांना नम्र कर' ही कॉटेज मीटिंगमधली (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेतली) प्रार्थना म्हणजे टोमणा. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' यानंतर येते ती चुगली.

'न्याय करू नका' म्हणणाऱ्याने मत्तय ७ चं पाचवं वचनही वाचावं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढल्यावर भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायचंच आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला की 'ओन्ली ॲडमिन' करणं हा आळशी उपाय. संध्याकाळपर्यंत दुसरा ग्रुप निघतो.

निनावी पत्राच्या जोरावर मंडळीच्या वडिलांवर (पुढाऱ्यांवर) कारवाई करू नका. १ तीमथ्य ५:१९ दोन-तीन साक्षीदार मागतं. पण पत्रात तपासता येईल असा आकडा किंवा तारीख असेल तर तेवढी तपासा आणि निकाल कमिटीच्या इतिवृत्तात लिहा. अक्षर कोणाचं ते ओळखत बसू नका.