मुलाची मानसशास्त्रीय चाचणी: आधी एकूण खर्च विचारा

चाचणीची फी भरल्यावर कळतं, रिपोर्टचे पैसे वेगळे. म्हणून नाशिकमध्ये गंगापूर रोड असो की सिडको, फोनवरच विचारून घ्या:

1. चाचणी, लेखी रिपोर्ट आणि तो समजावून सांगायची बैठक, सगळं मिळून किती?
2. चाचणी कोणती, घेणार कोण, त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय? पावतीवरही हा क्रमांक घ्या.

दिव्यांग ओळखपत्र हवं असेल तर खासगी रिपोर्ट पुरत नाही, तपासणी सरकारी रुग्णालयातच होते. तेव्हा आधी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. हजारो रुपये वाचू शकतात.

एक जपा: तीच बुद्ध्यांक चाचणी दोन-चार महिन्यांत पुन्हा करू नका. सरावाने गुण फुगतात. जुना रिपोर्ट सोबत न्या.